कडांचा काळोख: १५० मिमी परावर्ती दुर्बीण आणि डीएसएलआर यांच्या जोडणीच्या नोंदी

या नोंदी १५० मिमी व्यासाच्या आणि ७५० मिमी नाभीय अंतराच्या, म्हणजे एफ/५ (नाभीय अंतर भागिले व्यास = ५) न्यूटोनियन दुर्बिणीतून कॅनन ६००डी कॅमेऱ्याने कृत्तिकांचे छायाचित्र घेताना, चित्राच्या कडांना पडणारा काळोख घालवण्यासाठी ठेवल्या आहेत. दुर्बीण जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय आरूढावर (ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरणाऱ्या आधारावर) बसवलेली असून फोकसर (कॅमेरा बसवण्याची पुढे-मागे सरकणारी नळी) दोन इंची आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी आहे, त्याचा कर्ण २६.८ मिमी भरतो आणि या जोडणीतून आकाशाचा सुमारे १.७ × १.१ अंशांचा तुकडा चित्रात येतो. पुढे ‘मूल्य’ असा उल्लेख येईल तिथे कच्च्या फाइलीतील १४ बिट आकडा समजावा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसणारा आलेख प्रक्रिया केलेल्या चित्राचा असल्यामुळे या कामासाठी विश्वासार्ह नाही.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

अमावास्या, भोर तालुक्यातील एका मित्राचे शेत. उत्तरेला पुण्याचा आणि पूर्वेला शिरवळचा उजेड क्षितिजावर दिसतो, परंतु कृत्तिका डोक्याच्या जवळजवळ वरून जात असल्यामुळे अडचण फारशी नाही. आयएसओ ८०० आणि प्रत्येकी १२० सेकंद अशी चित्रे रात्री साडेनऊपासून पहाटे दोनपर्यंत घेतली. पावणेबाराच्या सुमारास कृत्तिकांनी याम्योत्तर (आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडल्यावर दुर्बीण आरूढाच्या दुसऱ्या बाजूला फिरवावी लागली, त्यात अर्धा तास गेला.

कॅमेरा सव्वा इंची नोझपीसने (फोकसरमध्ये बसणाऱ्या नळीने) जोडला होता आणि त्याच्या तोंडाशी प्रकाशप्रदूषण कमी करणारा सव्वा इंची फिल्टर होता. पहिल्याच चित्राचा ताण वाढवल्यावर, म्हणजे अंधुक भाग उजळवल्यावर, मध्यभागी उजळ वर्तुळ आणि चारही कोपऱ्यांत काळोख स्पष्ट दिसला. तरीही रात्र वाया घालवायची नाही म्हणून काम चालू ठेवले.

१ डिसेंबर

मोजमाप. बायस (प्रकाश नसतानाही पिक्सेलला असलेले मूल्य) वजा केल्यानंतर आकाशाचे मूल्य चित्राच्या मध्यभागी सुमारे ६०० आणि कोपऱ्यांत सुमारे ३३० आहे. म्हणजे कोपऱ्याला मध्याच्या तुलनेत ५५ टक्केच प्रकाश मिळतो.

प्रथम सोपा मार्ग म्हणून सिरिल या मोफत प्रणालीतील पार्श्वभूमी काढून टाकण्याची सोय वापरली. आकाश एकसारखे दिसू लागले आणि क्षणभर प्रश्न सुटल्यासारखे वाटले. मात्र कोपऱ्यातील ताऱ्यांची तेजस्विता तपासली असता ते ताऱ्यांच्या यादीतील तेजस्वितेपेक्षा ०.६ प्रतीहून (प्रत हे तेजस्वितेचे माप) अधिक मंद निघाले. याचे कारण साधे आहे. कडांना प्रकाश कमी मिळतो तो ठरावीक प्रमाणात कमी मिळतो. आकाश, तारे आणि तेजोमेघ या सर्वांनाच त्याची कात्री लागते. वजाबाकीने फक्त आकाशाची पातळी सारखी होते, तारे आणि कृत्तिकांभोवतीची धूळ मंदच राहते. म्हणून हा दोष भागाकारानेच, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्राने (फ्लॅटने) भागून, काढला पाहिजे, आणि वजाबाकी नंतर, शहराच्या उजेडासाठी, राखून ठेवली पाहिजे. क्रम उलटा केला की दोन्ही बिघडतात.

शहराचा उजेड आणि दुर्बिणीचा काळोख वेगळा कसा ओळखायचा, यासाठी याम्योत्तर ओलांडण्यात गेलेला अर्धा तास उपयोगी पडला. दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर आकाश सेन्सरवर १८० अंशांनी उलटे पडते. ओलांडण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांची तारे न जुळवता वेगवेगळी सरासरी काढली. जे सेन्सरवर त्याच जागी राहिले ते दुर्बिणीचे किंवा कॅमेऱ्याचे, आणि जे उलटले ते आकाशाचे. कोपऱ्यांचा काळोख तसाच राहिला, एका लांब कडेला असलेली अरुंद काळपट पट्टीही तशीच राहिली, आणि एका बाजूचा फिकट उजेड मात्र वरून खाली गेला. तो उत्तरेचा, अर्थात पुण्याचा. ही चाचणी एक पैसाही न खर्चता होते, म्हणून नव्या जोडणीच्या पहिल्या रात्री लक्ष्य याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंना घेण्याचा आग्रह धरावा.

अरुंद काळपट पट्टी कॅमेऱ्याच्या आतील आरशाच्या पेटीची आहे. आरसा वर उचलला गेला तरी पेटीची कड एफ/५ च्या रुंद प्रकाशशंकूला थोडी आडवी येते. कॅमेरा न उघडता ती घालवता येत नाही आणि तिच्यासाठी कॅमेरा उघडण्याची माझी तयारी नाही.

४ डिसेंबर

प्रकाश नेमका कुठे अडतो हे शोधण्यासाठी सेन्सरपासून पुढे एकेका भागाचे अंतर आणि आतील मोकळा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजला. हिशेबासाठी एकच नियम पुरेसा आहे: एखाद्या ठिकाणी लागणारी मोकळी वाट म्हणजे सेन्सरचा कर्ण अधिक त्या ठिकाणाचे सेन्सरपासूनचे अंतर भागिले एफ-अंक. हा नियम गरजेपेक्षा किंचित जास्त उत्तर देतो, परंतु विकत घेण्याच्या वस्तू निवडताना ते हिताचेच आहे.

टी-रिंगचे (कॅमेऱ्याला नोझपीस जोडणाऱ्या कडीचे) तोंड सेन्सरपासून ५५ मिमीवर आहे, तिथे २६.८ अधिक ११, म्हणजे सुमारे ३८ मिमी वाट हवी आणि रिंगचा आतील व्यास तेवढा आहे. फिल्टर ७० मिमीवर आहे. तिथे सुमारे ४१ मिमी हवेत आणि फिल्टरची मोकळी काच जेमतेम २७ मिमी आहे. कोपऱ्याकडे जाणाऱ्या शंकूचा जवळजवळ निम्मा भाग इथेच कापला जातो. वेगळा दोषी शोधण्याची गरज उरली नाही.

आता दोन इंची फिल्टर विकत घ्यावा का, हा प्रश्न. चौकशी केली असता बऱ्या फिल्टरची किंमत दहा हजार रुपयांच्या पुढे जाते. दुसरीकडे कृत्तिकांभोवतीची निळसर धूसरता ही ताऱ्यांचा प्रकाश धुळीवरून परावर्तित झाल्यामुळे दिसते आणि तो प्रकाश वर्णपटात सर्वत्र पसरलेला असतो. फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर त्यालाही कापतो. शिवाय रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा ठरावीक पट्टे वगळणाऱ्या फिल्टरचा उपयोग होता. आता पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाशही सगळ्या वर्णपटात पसरलेला आहे. म्हणून या लक्ष्यासाठी फिल्टर काढून टाकण्याचे ठरवले. वायुरूप तेजोमेघांसाठी तो घेण्याचा विचार पुढे करता येईल.

७ डिसेंबर

दोन इंची नोझपीस आला. किंमत टपालासह सुमारे १,८०० रुपये. त्याच्या पुढच्या टोकाशी, सेन्सरपासून १०० मिमीवर, नियमाप्रमाणे ४७ मिमी वाट हवी. मोकळा व्यास ४६ मिमीच्या थोडा पुढे आहे. एवढी तूट चालेल, कारण नियमच सढळ हाताचा आहे.

गच्चीवर सूर्यास्तानंतर दुर्बीण जवळजवळ खमध्याकडे (डोक्यावरच्या बिंदूकडे) रोखून उजळ आकाशाची काही चित्रे घेतली. आता कोपऱ्याला मध्याच्या ८० टक्के प्रकाश मिळतो. ५५ वरून ८० ही चांगली मजल आहे. उरलेल्या २० टक्क्यांचा शोध घेतला असता बहुतांश भाग दुय्यम आरशाचा निघाला. त्याचा लघुअक्ष ४७ मिमी असून तिथून सेन्सरपर्यंतचे अंतर १९० मिमी आहे. तिथे प्रकाशशंकूची रुंदी १९० भागिले ५, म्हणजे ३८ मिमी होते. आरशावर उरलेल्या ९ मिमींतून सेन्सरवर केवळ १२ मिमी व्यासाचे वर्तुळ पूर्ण प्रकाशित होऊ शकते. कोपरा मध्यापासून १३.४ मिमी दूर आहे. तिथल्या शंकूचे आणि आरशाचे क्षेत्र ताडून पाहिल्यास सुमारे ८४ टक्के प्रकाश पोहोचायला हवा. उरलेले चार टक्के आरशाची पेटी आणि फोकसरची नळी यांच्यात वाटले जात असावेत.

मोठा दुय्यम आरसा बसवण्याचा सल्ला एका अनुभवी निरीक्षकांनी दिला, तो विचारपूर्वक नाकारला. आरसा आणि त्याचा आधार बदलण्याचा खर्च होतो, मध्यभागातील अडथळा वाढतो आणि एवढे करून मिळणारी सुधारणा भागाकारानेही साधता येते. वीस टक्क्यांची तूट फ्लॅट सहज भरून काढतो. पंचेचाळीस टक्क्यांची तूटही तो भरून काढतो, पण तिथे कोपऱ्यातील खरखर (दाणेदारपणा) इतकी वाढते की भरून काढलेले चित्र पाहवत नाही. आधी यांत्रिक अडथळा दूर करावा आणि मग उरलेल्यासाठी फ्लॅट घ्यावेत, असा क्रम त्यामुळे ठरला.

१४ डिसेंबर

संध्याकाळच्या आकाशाच्या चित्रांत समान प्रकाशाच्या रेषा आखल्यावर उजळ वर्तुळाचा मध्य चित्राच्या मध्यावर नसून डावीकडे सुमारे ४०० पिक्सेल सरकलेला दिसला. ६००डीचा एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा असल्यामुळे हे अंतर १.७ मिमी भरते. ताऱ्याच्या चाचणीत कोलिमेशन (आरशांची एकमेकांशी जुळणी) ठीक होते, म्हणून आधी विश्वास बसला नाही. परंतु मुख्य आरसा कलता करून कोलिमेशनची चूक झाकली जाऊ शकते. दुय्यम आरसा फोकसरच्या नळीखाली बरोबर मध्यावर नसला तरी तारे गोल दिसतात, प्रकाश मात्र एका बाजूला झुकतो.

दुय्यम आरशाचा मधला स्क्रू सैल करून, नळीतून पाहताना आरशाची कड चोहोबाजूंनी सारखी दिसेपर्यंत तो सरकवला आणि नंतर नेहमीप्रमाणे कोलिमेशन केले. मधला स्क्रू सैल करताना दुर्बीण आडवी ठेवावी, कारण उभ्या दुर्बिणीत आरसा सुटला तर तो सरळ मुख्य आरशावर पडतो. या कामात दोन तास गेले. नंतरच्या चित्रांत सरकलेपण ६० पिक्सेलच्या आत आले.

२१ डिसेंबर

फ्लॅटसाठी प्रकाशाचा फलक तयार केला. चित्रे गिरवण्यासाठी विकला जाणारा ए४ आकाराचा एलईडी फलक सुमारे ९०० रुपयांना मिळाला. तो यूएसबी पॉवर बँकवर चालतो, हा शेतावर मोठा फायदा आहे. त्यावर दुधी अॅक्रिलिकची ३ मिमी जाडीची चकती बसवली, किंमत ३५० रुपये, कापून देण्याची मजुरी धरून. दुर्बिणीच्या तोंडावर चकती घट्ट बसावी म्हणून जाड पुठ्ठ्याची कडी केली.

पहिल्या फेरीत १/२०० सेकंदाचे फ्लॅट घेतले आणि त्यांत आडव्या पट्ट्या आल्या. फलकाची तीव्रता कमी करण्याची सोय म्हणजे दिवा सेकंदाला अनेकदा चालू-बंद करणे. डोळ्याला ते कळत नाही, परंतु शटरची फट सेन्सरवरून सरकताना काही ओळींना दिवा चालू असताना आणि काहींना बंद असताना प्रकाश मिळतो. उपाय म्हणून फलक पूर्ण तीव्रतेवर ठेवला आणि मध्ये साध्या पांढऱ्या कागदाचे थर घातले, ज्यायोगे योग्य मूल्यासाठी २ सेकंद लागू लागले. पट्ट्या नाहीशा झाल्या. घरच्या विजेवरच्या दिव्याने भिंत उजळून फ्लॅट घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

एलईडीचा प्रकाश निळसर असल्यामुळे लाल पिक्सेलांचे मूल्य हिरव्याच्या निम्म्याहूनही कमी येते. हिरवे पिक्सेल संपृक्त न होता लाल पिक्सेलांना पुरेसे मूल्य मिळावे म्हणून हिरव्याचे मूल्य ८,००० च्या आसपास ठेवले आणि फ्लॅटांची संख्या ३० वरून ५० केली. सिरिलमध्ये फ्लॅटच्या तिन्ही रंगांची सरासरी समान करण्याचा पर्याय आहे; तो चालू न ठेवल्यास भागाकारानंतर संपूर्ण चित्रावर रंगाची छटा चढते.

रात्री चंद्रोदयापूर्वी गच्चीवरून कृत्तिकांची ३० सेकंदांची चित्रे घेतली, केवळ चाचणीसाठी. कॅमेरा न काढता लगेच फ्लॅट घेतले.

२८ डिसेंबर

अवकाळी ढग. शेतावर जाण्याचा बेत रद्द झाला, म्हणून गेल्या शनिवारच्या चित्रांवर काम केले. या नोंदींतला सर्वांत जास्त वेळ गेलेला भाग हाच आहे, आणि हे काम करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते असे माझे मत आहे.

भागाकारानंतर कोपरे काळे राहण्याऐवजी उजळ झाले. साहजिकच पहिला संशय फलकावर गेला. फलक असमान असेल, कागद सुरकुतला असेल, अॅक्रिलिक दोन बाजूंना वेगळे असेल, अशा शंका घेत फ्लॅट पुन्हा घेतले, तरीही उजळपणा तेवढाच. मग फ्लॅट बाजूला ठेवून आकडे कागदावर मांडले.

या कॅमेऱ्यात प्रकाश अजिबात नसतानाही प्रत्येक पिक्सेलचे मूल्य २,०४८ च्या आसपास असते, हाच बायस. समजा आकाशाचे खरे मूल्य मध्यभागी ६०० आहे आणि कोपऱ्यात त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४८०. कच्च्या फाइलीत ते २,६४८ आणि २,५२८ असे दिसते. आता बायस वजा न करताच कोपऱ्याला ०.८ ने भागले तर ३,१६० मिळतात, मध्यभागी मात्र २,६४८ च राहतात. कोपरा १९ टक्क्यांनी उजळ झाला. भागाकार प्रकाशाचा व्हायला हवा होता. तो प्रकाश अधिक २,०४८ या बेरजेचा झाला.

उलट चूकही तितकीच सहज होते. चित्रांतून डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाची घेतलेली चित्रे, ज्यांत बायसही असतो) वजा केले, परंतु फ्लॅटमधून बायस वजा केला नाही, असे समजू. फ्लॅटचे मध्यावरचे मूल्य ८,००० असेल तर त्यातील खरा प्रकाश ५,९५२ आहे. कोपऱ्यातील खरा प्रकाश त्याच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे ४,७६२, आणि बायस मिळवल्यावर ६,८१०. ६,८१० भागिले ८,००० म्हणजे ०.८५. फ्लॅट सांगतो की कोपऱ्याला ८५ टक्के प्रकाश मिळतो, प्रत्यक्षात मिळतो ८० टक्के, आणि भागाकारानंतर कोपरा सुमारे ६ टक्क्यांनी काळाच राहतो.

माझ्या फायलींत पहिला प्रकार घडला होता. गच्चीवरची चित्रे केवळ चाचणीची म्हणून डार्क घेतले नव्हते, आणि सिरिलच्या तयार आज्ञावलीऐवजी हाताने एकेक पायरी करताना चित्रांतून बायसही वजा करायचा राहिला. बायसचा मुख्य संच चित्रांतून आणि फ्लॅटमधून असा दोन्हीकडे वजा केल्यावर कोपरे आणि मध्य यांतील फरक ३ टक्क्यांवर आला. ज्यांचे कोपरे फ्लॅटनंतर उजळ होतात त्यांनी फलक बदलण्याआधी चित्रांची वजाबाकी तपासावी, आणि ज्यांचे कोपरे काळे राहतात त्यांनी फ्लॅटची.

३० डिसेंबर

झाकण लावून, अंधाऱ्या खोलीत, २ मिनिटांचे एक्स्पोजर घेत दुर्बिणीभोवती टॉर्च फिरवली. मुख्य आरशाच्या मागच्या बाजूला टॉर्च आल्यावर मूल्य सरासरी ४० ने वाढले. आरशाच्या खोबणीच्या फटींतून आत आलेला हा प्रकाश बेरजेचा असतो आणि फ्लॅट घेताना तो मिसळला तर फ्लॅटचे गुणोत्तरच बिघडते. उरलेल्या ३ टक्क्यांचा काही भाग यानेच आला असण्याची शक्यता आहे. मागच्या टोकावर जाड काळ्या कापडाची इलॅस्टिक घातलेली टोपी शिवून घेतली. कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतूनही प्रकाश शिरतो. पट्ट्यावर येणारे रबरी झाकण त्यासाठीच असते.

फोकसरच्या नळीचा आतला भाग चकचकीत होता, तिथे मॅट काळा रंग दिला. दुय्यम आरशासमोरच्या नळकांड्याच्या भिंतीवर काळे मखमली कापड चिकटवले. कापड व रंग मिळून सुमारे ४०० रुपये. फलकाचा प्रकाश आकाशाच्या प्रकाशासारखा समांतर येत नाही, तो सर्व कोनांतून आत शिरतो, म्हणून चकचकीत भिंतीचा त्रास चित्रांपेक्षा फ्लॅटना अधिक होतो.

५ जानेवारी २०२५

फलकाची परीक्षा. संध्याकाळी सूर्यास्तानंतर खमध्याच्या किंचित पूर्वेला दुर्बीण रोखून आकाशाचे फ्लॅट घेतले आणि कॅमेरा, फोकस काहीही न हलवता लगेच फलकाचेही घेतले. आकाशाच्या फ्लॅटसाठी आरूढाची गती बंद ठेवली, जेणेकरून दिसू लागलेले तारे प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडतील आणि मध्यक काढताना गळून जातील. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झरझर ओसरतो. एक्स्पोजर सतत वाढवत राहिले तरी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अवधी मिळत नाही.

दोन्ही मुख्य फ्लॅटांचा एकमेकांनी भागाकार केला. उत्तर सर्वत्र १ यायला हवे होते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे २ टक्क्यांचा उतार आला. फलकातील एलईडी एकाच कडेला बसवलेले आहेत, ती कड उजळ आहे. फलक प्रत्येक साडेबारा फ्लॅटांनंतर फिरवता येत नसल्यामुळे फ्लॅटांची संख्या ५२ केली आणि दर १३ नंतर फलक ९० अंशांत फिरवला. चारही स्थितींची सरासरी घेतल्यावर उतार अर्ध्या टक्क्याच्या आत आला. फलक फेकून महागडा घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते चार वेळा फिरवणे पुरेसे आहे.

आकाशाचे फ्लॅट उत्तम, यात वाद नाही. परंतु शेतावर पोहोचून ध्रुवसंरेखन (आरूढाचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे) होईपर्यंत संधिप्रकाश संपलेला असतो, आणि पहाटेपर्यंत थांबण्याची तयारी दरवेळी नसते.

२५ जानेवारी, शनिवार

भोर. चंद्र पहाटे उगवणार होता. या दिवसांत कृत्तिका आठच्या सुमारास याम्योत्तरावर येतात, म्हणून अंधार पडताच पश्चिम बाजूनेच सुरुवात केली आणि साडेअकरापर्यंत १२० सेकंदांची चित्रे घेतली. त्यानंतर त्या इतक्या खाली उतरल्या की चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. नोव्हेंबरमध्ये न वापरलेला कोमा करेक्टर (कडेचे शेपटीदार तारे नीट करणारी भिंगे) या वेळी लावला. त्याची शेवटची काच सेन्सरपासून ५५ मिमीवर ठेवावी लागते आणि मोकळ्या वाटेचा हिशेब तिथे जुळतो.

दवाने दुय्यम आरसा साडेदहानंतर धूसर होऊ लागला. दव हा कडांच्या काळोखाचा प्रकार नव्हे, परंतु त्यामुळे मध्यभागी पसरट उजेड येतो आणि पुढे तो फ्लॅटचा दोष समजला जातो. अशी चित्रे नंतर वगळली.

फ्लॅट शेतावरच घेतले: कॅमेरा त्याच कोनात, फोकसर कुलूपबंद, आयएसओ तेच, फलक चार स्थितींत फिरवून. बायस घरी घेता येतात, कारण त्यांना दुर्बिणीशी देणेघेणे नाही. दोन सेकंदांच्या फ्लॅटसाठी वेगळे डार्क घेण्याची गरज भासली नाही. डार्क मात्र तिथेच, त्याच थंडीत, परतीचे सामान बांधताना घेतले.

२७ जानेवारी

निकाल. डार्क वजा, फ्लॅटने भागाकार, मग तारे जुळवून सरासरी, आणि सर्वांत शेवटी शहराच्या उजेडाचा उतार वजा. भागाकारानंतर कोपरे आणि मध्य यांतील फरक १ टक्क्याच्या आत आहे. कृत्तिकांतील मेरोपी ताऱ्याभोवतीची निळसर धूळ आता चित्राच्या कडेपर्यंत सलग जाते; नोव्हेंबरच्या चित्रात ती ज्या वर्तुळावर संपल्यासारखी वाटत होती तिथे प्रत्यक्षात काहीही संपत नाही.

दोष एकच उरला. डाव्या खालच्या भागात एक लहान काळे कडे आणि त्याला लागून तेवढेच पांढरे कडे दिसते. काळे कडे म्हणजे धुळीच्या कणाची सावली आणि पांढरे म्हणजे फ्लॅटमध्ये तोच कण दुसऱ्या जागी असल्याची खूण. कण कुठे आहे हे कड्याच्या आकारावरून कळते: व्यास ६० पिक्सेल, म्हणजे ०.२६ मिमी, त्याला ५ ने गुणल्यास सुमारे १.३ मिमी. सेन्सरपासून इतक्या जवळ त्यावरची काचच असते. त्याच हिशेबाने कोमा करेक्टरच्या काचेवरील कणाची सावली ११ मिमी रुंद, जवळजवळ अर्ध्या चित्राएवढी आणि म्हणून अदृश्य इतकी फिकट पडते. मुख्य आरशावरील धुळीचे कडे तर दिसूच शकत नाही. कडी दिसली म्हणून आरसा धुवायला काढणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा.

कण हलला कसा? चित्रे आणि फ्लॅट यांच्यामध्ये बॅटरी बदलली होती, आणि कॅमेरा बंद-चालू होताना सेन्सर स्वच्छ करण्यासाठी त्यावरची काच थरथरवतो. ही स्वयंचलित सफाई मेनूमधून बंद केली. बॅटरीऐवजी बाहेरून वीजपुरवठा देणारी जोडणी मागवली आहे, म्हणजे रात्रभर कॅमेरा बंद करण्याचा प्रसंग येणार नाही.

१ फेब्रुवारी

जानेवारीचे फ्लॅट पुढच्या वेळी वापरता आले तर शेतावरचा पाऊण तास वाचेल, म्हणून एक चाचणी केली. नोझपीसवर आणि फोकसरवर पांढऱ्या रंगाची खूण करून, कॅमेरा काढून पुन्हा खुणेवर बसवला आणि नवे फ्लॅट घेऊन त्यांना जुन्यांनी भागले. कोपऱ्यांत दीड ते दोन टक्क्यांचा फरक आला, तोही एका बाजूला अधिक. खुणेवर बसवलेला कॅमेरा कोनात जुळतो, परंतु दोन स्क्रूंनी आवळल्या जाणाऱ्या नळीत तो दरवेळी किंचित वेगळा कलतो.

दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. मृगातील एम४२ या तेजोमेघाच्या तेजस्वी मध्यभागासाठी ते चालतीलही. कृत्तिकांभोवतीची धूळ मात्र आकाशापेक्षा जेमतेम काही टक्क्यांनीच उजळ असते आणि तिथे दोन टक्क्यांची चूक धुळीसारखीच दिसते. त्यामुळे धूसर लक्ष्यांसाठी दरवेळी नवे फ्लॅट घ्यायचे, आणि एम४२ साठी जुने चालवून पाहायचे असे ठरवले आहे. स्क्रूंऐवजी चोहोबाजूंनी सारखी आवळणारी कडी असलेला अॅडॉप्टर मिळतो. त्याची किंमत सुमारे २,५०० रुपये सांगितली गेली. तो घेतल्यावर हीच चाचणी पुन्हा करून आकडे इथे नोंदवीन.